वय कुठं विचारतात?

शेलूबाजारच्या चौकात दहावी झालेला एखादा मुलगा सुट्टीत काम मागत फिरला, तर त्याला कुठं वय विचारतात आणि कुठं विचारत नाहीत, एवढंच नीट पाहावं. औषधाच्या दुकानात विचारतात. पेट्रोल पंपावर, पतसंस्थेत, कुरिअरवाल्याकडे, मोबाईलच्या मोठ्या दुकानात विचारतात. "अठरा पूर्ण आहेत का? आधार दाखव." अठरा भरायला दीड वर्ष बाकी असेल तर बोलणं तिथंच संपतं. सोयाबीन सोंगून झालं, गंजी लागल्या आणि थ्रेशर शेतात आलं, की त्याच्यामागं जाणाऱ्या टोळीत मात्र वय कुणी विचारत नाही. वेल्डिंगच्या शेडमध्ये विचारत नाहीत. लग्नसराईत केटररच्या टेम्पोत बसून रात्री दोनपर्यंत पंगती वाढणाऱ्याला आणि नंतर भांडी घासणाऱ्याला विचारत नाहीत. ट्रकवर क्लीनर म्हणून चढणाऱ्याला तर नाहीच नाही.

म्हणजे जिथं डोक्यावर पंखा आहे, तास ठरलेले आहेत, पगाराची तारीख आहे आणि चार लोकांशी बोलायला, हिशेब ठेवायला शिकता येतं, तिथं वयाची अट कडक. जिथं यंत्राच्या तोंडाशी पेंढी लोटताना हात आत ओढला जाऊ शकतो, जिथं ठिणग्यांनी डोळे जातात, जिथं रात्र जागून काढावी लागते, तिथं अट सैल. मुलांना धोक्यापासून दूर ठेवायला केलेली मर्यादा प्रत्यक्षात त्यांना बिनधोक कामापासून दूर ठेवते आणि धोक्याच्या कामाकडे ढकलते. किशोरवयीनांच्या पहिल्या नोकरीबद्दल मला जे म्हणायचं आहे, ते एवढ्यात आलं. हे असं का झालं आणि ते बदलता कसं येईल, हा पुढचा विषय.

शेलूबाजार हे वाशिम जिल्ह्याच्या मंगरुळपीर तालुक्यातलं बाजाराचं गाव. अकोल्याहून मंगरुळपीरकडे जाणारा रस्ता आणि कारंजा-मालेगावकडून जाणारा जुना नागपूर-औरंगाबाद रस्ता इथं एकमेकांना छेदतात. भोवतालच्या खेड्यांचं बियाणं-खत, दवाखाना, बँक, एसटी, शाळा-कॉलेज असं सगळं या चौकाभोवती. ११ डिसेंबर २०२२ ला समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा सुरू झाला, जून २०२५ मध्ये ७०१ किलोमीटरचा पूर्ण रस्ता खुला झाला, आणि या गावाजवळ त्याचा इंटरचेंजही आला. जिल्ह्यासाठी ही मोठी गोष्ट. १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वेगळा झालेला वाशिम हा २०१८ मध्ये निती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आला. त्या यादीत महाराष्ट्रातले चारच जिल्हे होते: नंदुरबार, गडचिरोली, उस्मानाबाद आणि वाशिम. अशा जिल्ह्यातून देशातल्या सर्वांत वेगवान रस्त्यांपैकी एक जातो, तेव्हा पोरांच्या मनात आशा जागी होणारच. पण न थांबता निघून जाणारी गाडी गावात काम टाकून जात नाही. चहाची टपरी, पंक्चरचं दुकान, ढाबा, गॅरेज ही सगळी थांबणाऱ्या रस्त्याची कामं. महामार्गाची स्वतःची जी कामं आहेत, टोलवरची, गस्तीची, देखभालीची, ती कंत्राटदाराकडून मिळतात आणि तिथं पहिला प्रश्न पुन्हा तोच.

आता कायदा काय म्हणतो ते बघू. बहुतेक दुकानदारांना, पालकांना आणि खुद्द मुलांनाही असं वाटतं की अठरा वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवणं हा गुन्हा आहे. तसं नाही. १९८६ चा बालकामगार कायदा २०१६ मध्ये बदलला. त्यानुसार १४ वर्षांखालच्या मुलाला कुठल्याही व्यवसायात कामावर ठेवता येत नाही. १४ ते १८ या वयाच्या मुलामुलींना धोकादायक ठरवलेल्या व्यवसायांत आणि प्रक्रियांत ठेवता येत नाही. उरलेल्या कामांत ठेवता येतं. त्यासाठीच्या अटीही कायद्यातच आहेत. सलग तीन तासांपेक्षा जास्त काम नाही, मध्ये किमान एक तास विश्रांती, विश्रांती धरून सगळं मिळून सहा तासांच्या आत. संध्याकाळी सात ते सकाळी आठ काम नाही. ओव्हरटाइम नाही. आठवड्याला पूर्ण एक दिवस सुट्टी. मालकानं निरीक्षकाला लेखी कळवायचं आणि मुलाचं नाव, जन्मतारीख, कामाचे तास यांची नोंदवही ठेवायची.

मला हा कायद्याचा भाग फार शहाणपणाचा वाटतो. सोळा वर्षांचं पोर काम करू शकतं, पण ते अजून पूर्ण वाढलेलं नाही, त्याला झोप लागते, शाळा लागते, हे त्यानं ओळखलं आहे. दुर्दैव असं की नेमका हाच भाग कुणी वापरत नाही. शेलूबाजारसारख्या गावातल्या दुकानदारानं निरीक्षकाला रीतसर कळवून सोळा वर्षांच्या मुलीला कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर रोज तीन तासांसाठी ठेवलं, हे दृश्य कुठं दिसत नाही. दुकानदाराच्या बाजूनं पाहिलं तर ते समजतंही. चूक झाली तर सहा महिने ते दोन वर्षं कैद किंवा वीस ते पन्नास हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. धोकादायक कामांची यादी त्यानं वाचलेली नसते, वाचली तर सगळी समजत नाही. कामगार कार्यालय जिल्ह्याच्या ठिकाणी. मग तो सरळ अठराची रेघ ओढतो. सरकारनं चौदावर ओढलेली रेघ बाजारानं अठरावर नेऊन ठेवली ती भीतीपोटी. ज्याला ही भीती नाही, म्हणजे ज्याचं काहीच कागदावर नाही असा टोळीवाला, गुत्तेदार, केटरर, त्याच्याकडे दार सताड उघडं.

याहून मोठी गोष्ट पुढं आहे. २०१६ च्या दुरुस्तीत १४ वर्षांखालच्या मुलांसाठीही एक सवलत ठेवली आहे. शाळेच्या वेळेनंतर किंवा सुट्टीत, काम धोकादायक नसेल तर, मूल आपल्या कुटुंबाला किंवा कुटुंबाच्या व्यवसायाला हातभार लावू शकतं. घरच्या किराणा दुकानात बाराव्या वर्षी पोरगा गल्ल्यावर बसला तर तो कायद्याच्या आत आहे. या सवलतीवर त्या वेळी पुष्कळ टीका झाली आणि ती मुख्यतः बालमजुरीला मागचं दार मिळेल या भीतीनं. ती भीती खरी आहे. पण त्या सवलतीची दुसरी बाजू फारशी बोलली गेली नाही. ज्याच्या घरचं दुकान आहे, आडत आहे, मेडिकल आहे, त्या मुलाला बाराव्या वर्षापासून गिऱ्हाइकाशी बोलणं, उधारी वसूल करणं, माल मोजून घेणं, जीएसटीचं बिल फाडणं हे सगळं शिकता येतं. बाप रोजमजुरीनं जातो, आई निंदणाला आणि कापूस वेचायला जाते, त्या घरचा ‘कुटुंबाचा व्यवसाय’ कोणता? दुसऱ्याच्या शेतात राबणं. त्या मुलालाही कुटुंबाबरोबर काम करायला मिळतं, फक्त ते काम त्याला आई-बापापेक्षा पुढं कुठंच नेत नाही. आणि सोळाव्या वर्षी तो दुकानदाराच्या दारात उभा राहिला, की त्याला वय विचारलं जातं.

वीस वर्षांचे झाल्यावर हे दोघं एकाच मुलाखतीला बसतात. समोरचा विचारतो, अनुभव आहे का? एकाकडे आठ वर्षांचा अनुभव असतो, जरी त्याला त्यानं कधी अनुभव म्हटलेलं नसेल. दुसऱ्याकडे सांगण्यासारखं काही नसतं. थ्रेशरवर काढलेले हंगाम कुणी अनुभव म्हणून मोजत नाही. वयाची अट सगळ्यांना सारखी आहे असं कागदावर दिसतं. प्रत्यक्षात ज्याच्या घराला दुकानाचा ओटा आहे त्याला ती लागूच होत नाही. आणि कुणाच्या घराला ओटा आहे हे आपल्या गावांत अजूनही बऱ्याच प्रमाणात जातीनं ठरलेलं आहे. म्हणून मी या प्रश्नाकडे पोरांच्या खिशातल्या खर्चाचा प्रश्न म्हणून पाहू शकत नाही. पिढ्यान् पिढ्या काउंटरच्या पलीकडच्या बाजूला उभ्या राहिलेल्या घरांतलं मूल अलीकडे कधी येणार, हा तो प्रश्न आहे.

दुकानदाराच्या भीतीमागं आणखी एक जुना कायदा आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्यानुसार अज्ञान व्यक्ती करार करू शकत नाही, आणि १९०३ मध्ये प्रिव्ही कौन्सिलनं मोहरी बिबी विरुद्ध धर्मोदास घोष या खटल्यात असा करार मुळातच शून्य असल्याचं ठरवलं. हे बंधन अज्ञानाच्या रक्षणासाठी. पण त्याचं काय होतं ते मुंबई उच्च न्यायालयाच्या एका निकालात दिसतं. राज रानी विरुद्ध प्रेम अदीब हा तो खटला, १९४९ च्या निकालसंग्रहात छापलेला. ‘रामराज्य’ चित्रपटात राम झालेले प्रेम अदीब तेव्हा निर्माते होते. एका अज्ञान मुलीला चित्रपटात काम देण्याचा करार तिच्या वडिलांशी झाला, पुढं ते काम दुसऱ्या नटीला दिलं गेलं. मुलीनं दाद मागितली. न्यायालयानं म्हटलं, करार मुलीशी असेल तर ती अज्ञान म्हणून तो शून्य, आणि वडिलांशी असेल तर त्याला पुरेसा मोबदला नाही म्हणून तोही टिकत नाही. मुलीच्या हाती काही लागलं नाही. जिला जपण्यासाठी नियम होता, तीच नियमामुळं हरली. आजही किशोराला कामावर घेणाऱ्याला कागद करण्यात फायदा दिसत नाही आणि किशोराला कागदाशिवाय आधार नाही.

यातून बाहेर येण्याची एक वाट आपल्याच कायद्यात सापडते. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यात किमान वय १४ आहे, धोकादायक उद्योगांत १८. उमेदवार अज्ञान असेल तर पालक सही करतो आणि करार नोंदला जातो, म्हणजे करार कायद्याची अडचण तिथं सोडवलेली आहे. विद्यावेतन ठरलेलं आहे. पण ही सोय मोठ्या आस्थापनांसाठी आखलेली. तीस किंवा जास्त कामगार असतील तर उमेदवार घेणं सक्तीचं, चार ते एकोणतीस असतील तर ऐच्छिक. शेलूबाजारच्या चौकात चार कामगार असलेली दुकानं किती? मालक, त्याचा भाऊ आणि एक पोऱ्या, एवढ्यावरच बहुतेक बाजार चालतो. उमेदवारीचा कायदा या दुकानांच्या डोक्यावरून जातो, त्या महामार्गासारखाच.

सरकारच्या योजनांचं थोडक्यात सांगतो, कारण तिथं फार काही सापडत नाही. राज्य सरकारनं २०२४ मध्ये आणलेली मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना १८ ते ३५ वयासाठी. त्याच वर्षीची प्रधानमंत्री इंटर्नशिप योजना २१ ते २४ साठी. महाराष्ट्राच्या रोजगार हमीपासून पुढं देशभर झालेल्या ग्रामीण रोजगार हमीपर्यंत काम मागण्याचा हक्क प्रौढांनाच. बांधकाम कामगार म्हणून नोंदणी १८ ते ६०. पोलीस भरतीला १८. अग्निवीर साडेसतरा. दुचाकी चालवायची तर ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचा परवाना सोळाव्या वर्षी मिळतो, पण तसली गाडी आता रस्त्यावर शोधून सापडत नाही, बाकीच्यांसाठी अठरा. २०१९ नंतर अल्पवयीनाच्या हाती गाडी दिली तर पालकाला किंवा मालकाला २५ हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि ते योग्यच आहे. यातली एकेक अट घेतली तर तिच्यामागं कारण सापडेल. सगळ्या एकत्र ठेवल्या की दिसतं, शिक्षणाच्या हक्काचा कायदा चौदाव्या वर्षी मुलाचा हात सोडतो आणि रोजगाराची जवळजवळ कुठलीही योजना अठराव्या वर्षाच्या आधी हात धरत नाही. मधली चार वर्षं कुणाचीच नाहीत.

आयटीआयमध्ये हे फार स्पष्ट दिसतं. प्रवेशाचं किमान वय १४. दहावीनंतर वेल्डर किंवा शिवणकामाचा एक वर्षाचा ट्रेड केला तर मूल सतराच्या आत प्रमाणपत्र हातात घेऊन बाहेर पडतं. कारखानदार म्हणतो, अठरा झाल्यावर ये. वर्षभर घरी बसलेल्या हाताची सफाई जाते. पोरगा त्या वर्षात गावातल्याच शेडमध्ये, बिनचष्म्याचा, बिनहातमोज्याचा, ‘शिकतोय’ या नावाखाली फुकट किंवा चहापाण्यावर काम करतो. नाहीतर आधारच्या झेरॉक्सवर जन्माचं साल बदलून पुण्याकडे जातो. तिथं भविष्य निर्वाह निधीच्या खात्यावर चुकीची जन्मतारीख चढली, की ती दुरुस्त करायला पुढं वर्षानुवर्षं खेटे. काही अपघात झाला तर खोटं वय त्याच्याच अंगावर येतं. त्याच्या बापाच्या पिढीत अर्ध्या वर्गाची जन्मतारीख गुरुजींनी १ जून लिहिली होती आणि सहा महिने इकडचे तिकडे कुणी मोजत नव्हतं. आताची मुलं दिवसापर्यंत मोजली जातात. मोजणी अचूक झाली हे चांगलंच आहे. पण ज्याचं वय इतक्या अचूकपणे माहीत आहे, त्याला त्या वयाचं काम देण्याची सोयही तितकीच नेमकी करायला हवी होती.

मुलींचं वेगळं सांगायला हवं. सोळा-सतराच्या मुलाला निदान बेकायदा काम तरी मिळतं. मुलीला थ्रेशरवर नेत नाहीत, केटररच्या टेम्पोत आई-वडील पाठवत नाहीत, आणि ज्या सुरक्षित जागी पाठवतील, म्हणजे मेडिकल, ब्यूटी पार्लर, झेरॉक्स सेंटर, शाळेचं ग्रंथालय, तिथं अठराची पाटी. मग ती घरी. आणि घरी बसलेल्या सतरा वर्षांच्या मुलीबद्दल घरात काय बोलणं सुरू होतं ते वेगळं सांगायला नको. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के स्त्रियांचं लग्न अठरा वर्षांच्या आत झालेलं आढळलं. बालविवाहाची कारणं अनेक आहेत, कामाचा अभाव हे एकटं कारण नाही. पण ज्या मुलीच्या स्वतःच्या खात्यावर दर महिन्याला दोन-तीन हजार रुपये येतात, तिच्या लग्नाची चर्चा घरात थोड्या वेगळ्या आवाजात होते, असं मला ठामपणे वाटतं. खातं उघडणं तर सोपं झालंय: रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार दहा वर्षांवरचं मूल स्वतःचं बचत खातं स्वतः चालवू शकतं. खातं आहे, त्यात घालायला कमाई नाही.

या सगळ्याला एक जोरदार आक्षेप आहे आणि तो माझ्यापेक्षा जास्त काम केलेल्या माणसांचा आहे. शांता सिन्हांच्या एम. व्ही. फाउंडेशननं आंध्रात लाखो मुलांना मजुरीतून काढून शाळेत घातलं. त्यांची भूमिका सोपी आणि कठोर होती: शाळेबाहेर असलेलं प्रत्येक मूल हे बालमजूर, आणि ‘गरिबीमुळं मुलांना काम करावंच लागतं’ हे म्हणणंच मुलांचा घात करतं. एकदा थोडं काम योग्य म्हटलं, की थोड्याचं पुष्कळ होतं, आणि शाळा सुटते ती गरिबाच्या मुलाचीच. इतिहासही त्यांच्याच बाजूनं बोलतो. १८८१ च्या पहिल्या कारखाना कायद्यानं मुंबईच्या गिरण्यांत सात वर्षांखालच्या मुलांना बंदी केली आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांकडून रोज नऊ तास काम घ्यायला मोकळीक दिली. १८९१ मध्ये ती मर्यादा नऊवर, १९२२ मध्ये बारावर, १९४८ मध्ये चौदावर आली. नारायण मेघाजी लोखंड्यांनी गिरणी कामगारांना पहिल्यांदा संघटित केलं तेव्हापासून एकेक वर्ष असं झगडून मिळालेलं आहे. त्यातला एक दिवससुद्धा मागं देण्याच्या मी विरोधात आहे. चौदाची मर्यादा तशीच राहावी, धोकादायक कामांची बंदी अठरापर्यंत तशीच राहावी, उलट ती शेतातल्या यंत्रांवर खरोखर पाळली जावी.

पण शांता सिन्हांच्या मांडणीत पर्याय काम की शाळा असा आहे. चौदानंतर आमच्याकडच्या मुलांसमोर तो पर्याय त्या रूपात येत नाही. दहावी-अकरावीची कितीतरी मुलं शाळेच्या पटावर आहेत आणि हंगामात कामावरही आहेत. ऑक्टोबरात सोयाबीनच्या दिवसांत वरच्या वर्गांतले बाक रिकामे पडतात हे कुठल्याही शिक्षकाला विचारावं. तेव्हा प्रश्न ‘काम करू द्यावं का’ हा उरतच नाही. ते कोणतं काम करतात, किती तास, कुणाच्या नजरेखाली, आणि पैसा कुणाच्या हातात जातो, एवढंच ठरवणं आपल्या हाती आहे. सगळंच नाकारलं की नाकारणं फक्त चांगल्या कामाला लागू होतं, हे आपण चौकात पाहिलंच.

दुसरा आक्षेप गावातल्याच माणसांचा: पंचविशीतली पदवीधर पोरं रिकामी बसली आहेत, आणि तुम्ही सोळा वर्षांच्यांना काम द्यायला निघालात? हा आक्षेप मला जास्त जड वाटतो. किशोर स्वस्तात मिळतो म्हणून मालक प्रौढाला काढेल, ही शक्यता खरीच आहे. १९४८ च्या किमान वेतन कायद्यात प्रौढ आणि किशोर यांच्यासाठी वेगळे दर ठरवायची मुभा होतीच. म्हणून मी इथं एक अट घालीन आणि तिच्याबाबत तडजोड करणार नाही: किशोराला ताशी दर प्रौढाइतकाच. तास कमी, दर तोच. मग मालक त्याला घेईल तो केवळ त्या तासांची गरज आहे म्हणून, स्वस्त आहे म्हणून नव्हे. संध्याकाळी गर्दीच्या दोन तासांसाठी, शनिवार-रविवारच्या बाजारासाठी, पेरणीच्या आधी बियाण्याच्या दुकानात लागणाऱ्या रांगांसाठी पूर्ण पगाराचा माणूस कुणी ठेवत नाही. ती जागा कुणाच्याही पोटावर पाय न देता किशोराला देता येते.

आपल्याकडे हे नवं नाही, याचं मला फार बळ वाटतं. याच समृद्धी महामार्गावर पुढं लागणाऱ्या वर्ध्यात ऑक्टोबर १९३७ मध्ये भरलेल्या शिक्षण परिषदेत गांधींनी हाताच्या कामातून शिक्षण ही कल्पना मांडली. साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी ‘कमवा आणि शिका’ हे नुसतं बोलून दाखवलं नाही; त्यांच्या रयत शिक्षण संस्थेच्या वसतिगृहांतली मुलं शेतात राबून स्वतःचं शिक्षण उभं करत होती, आणि त्यातून नंतर महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनातली एक अख्खी फळी उभी राहिली. १९८३ मध्ये डॉ. श्रीनाथ कलबाग पुणे जिल्ह्यातल्या पाबळला गेले आणि त्यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. मुंबईतल्या मोठ्या कंपनीतलं संशोधन सोडून ते दुष्काळी गावात राहिले. तिथं शाळा सुटलेली मुलं गावाला लागणाऱ्या खऱ्या सेवा देत शिकत होती: वेल्डिंग, वायरिंग, माती परीक्षण, कुक्कुटपालन, बांधकाम. गावकरी पैसे मोजत होते, म्हणून कामात ढिलाई चालत नव्हती. कलबागांनी वय आणि काम यांच्यात एक तिसरी गोष्ट आणून ठेवली: शेजारी उभा असलेला, शिकवणारा मोठा माणूस. ती असली की सोळा वर्षांच्या मुलाच्या हातातलं वेल्डिंगही सांभाळून होतं. ती नसली की चहाच्या टपरीवरचं कामही पिळवणूक ठरतं.

बाहेरच्या देशांचं एकच सांगतो. अमेरिकेत १९३८ च्या कायद्याखाली १४-१५ वर्षांच्या मुलांना शाळेच्या दिवशी तीन तास आणि शाळेच्या आठवड्यात अठरा तास एवढंच काम करता येतं. सोळानंतर धोकादायक सोडून बाकी कामं खुली. तिकडं गेलेल्या मराठी घरांतली मुलं आईस्क्रीमच्या दुकानात, वाचनालयात, किराण्यात कामाला जातात, आणि इकडे आल्यावर आई-वडील ते कौतुकानं सांगतात. तेच वडील शेलूबाजारला असते तर दुसऱ्याच्या दुकानात पोराला पाठवायला त्यांना कमीपणा वाटला असता. अठराच्या भिंतीतली ही एक वीट आपण स्वतः लावलेली आहे. मध्यमवर्गातलं सोळा वर्षांचं मूल क्लासला जातं, कामाला जात नाही. त्यामुळं काम म्हणजे गरिबाच्या मुलाची नामुष्की, असा ठसा पडतो, आणि मग त्या कामाचे तास, पगार, सुरक्षितता यांच्यासाठी आवाज उठवणारा कुणी उरत नाही. शिक्षकाचा, डॉक्टरचा, अडत्याचा मुलगाही त्याच काउंटरवर तीन तास उभा राहिला असता, तर नोंदवही कधीच सुरू झाली असती.

करता काय येईल? मंगरुळपीरची आयटीआय किंवा बाजारातलं एखादं कनिष्ठ महाविद्यालय यांनी नोंदणीची जबाबदारी स्वतःकडे घ्यावी. दहा-वीस लहान दुकानं मिळून एक गट; करार संस्थेशी, काम दुकानात. म्हणजे चार कामगारांची अट गटाला लागू होईल, एकेकट्या दुकानाला नाही. यासाठी उमेदवारीच्या नियमांत बदल लागेल आणि तो मुंबई-दिल्लीतून करावा लागेल, हे खरं. पण बालकामगार कायद्याखालची नोटीस आणि नोंदवही यांना कुठलाही बदल लागत नाही, त्या आजही करता येतात. निरीक्षकाकडे जाणारा कागद संस्थेनं एकदम सगळ्यांसाठी भरावा. शाळेच्या दिवशी दोन तास, सुट्टीत जास्तीत जास्त पाच. कनिष्ठ महाविद्यालय सकाळचं असेल तर दुपार मोकळी असते. सात वाजेपर्यंतची कायद्याची मर्यादा तिथं नीट बसते. पैसे मुलाच्या खात्यात, पालकाच्या हातात नाही. शाळेतली हजेरी घसरली तर काम थांबेल. निम्म्या जागा मुलींना. आणि याच यादीवरून ऑक्टोबरात थ्रेशरवर कोण दिसतं तेही कळेल, कारण ज्यांची नावं इथं आहेत त्यांना तिथं कुणी नेलं, तर विचारणारं कुणीतरी असेल.

१ मे ला ग्रामसभा असते. विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, म्हणजे त्या दिवशी सुट्टी नुकतीच लागलेली असते आणि पेरणीपूर्वीची बाजारातली गर्दी पुढ्यात असते. कोणती दुकानं किती तासांसाठी मुलं घ्यायला तयार आहेत, ही यादी त्या सभेत वाचून दाखवायला कुठल्याही शासन निर्णयाची वाट पाहावी लागत नाही.

ज्यांची शाळा आधीच सुटली आहे, त्यांच्यापर्यंत ही योजना अपुरीच पोचेल, कारण ती शाळेच्या आधारावर उभी आहे. त्यांच्यासाठी सतरा नंबरचा फॉर्म भरून खासगी विद्यार्थी म्हणून दहावी-बारावीला बसण्याची सोय आहे. तो फॉर्म भरून घेणं आणि परीक्षेच्या महिन्यात पगारी सुट्टी देणं, या दोन अटी त्यांच्या नोंदवहीत पहिल्या पानावर असायला हव्यात.